श्पान्या दोलिना: तांब्याचे एक स्लोव्हाक गाव आणि गोव्याच्या वाटेवर बुडालेले जहाज

प्रश्न थोडक्यात असा आहे: नामिबियाच्या किनाऱ्यावर सापडलेल्या एका पोर्तुगीज जहाजातले तांबे स्लोव्हाकियातील श्पान्या दोलिना नावाच्या लहानशा गावचे होते आणि ते जहाज हिंदुस्थानकडे निघाले होते, असे प्रश्नकर्त्यांच्या वाचनात आले. हे कितपत खरे आहे आणि जेमतेम दोनशे वस्तीच्या या गावाचा इतिहास व भूगोल काय आहे, असे त्यांनी विचारले आहे. माझी तीसेक वर्षे तांब्याच्या खाणींत आणि धातुकांच्या (ज्यांतून धातू काढतात त्या खनिजांच्या) प्रयोगशाळेत गेली आणि या गावी मी दोनदा जाऊन आलो आहे. म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. ‘श्पान्या’ या शब्दाचा स्पेन देशाशी काहीही संबंध नाही. जुन्या हंगेरीच्या राज्यात राजाच्या वतीने एखाद्या प्रदेशाचा किंवा खाणीचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ‘श्पान’ म्हणत आणि ‘दोलिना’ म्हणजे दरी. तेव्हा हे नाव ‘साहेबाची दरी’ अशा अर्थाचे झाले. जर्मन भाषेत गावाचे नाव हेरनग्रुंड, तर हंगेरियनमध्ये उर्वोल्ग्य असे आहे आणि दोन्हींचा अर्थ धन्याची किंवा मालकाची दरी असाच होतो. ही तिन्ही नावे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण १९१८ पर्यंत हा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता, खाणकामगारांत आणि खाणमालकांत जर्मन भाषकांचा मोठा भरणा होता, आणि त्यामुळे जुनी कागदपत्रे व संग्रहालयांतील वस्तूंवरच्या चिठ्ठ्या यांत श्पान्या दोलिना हे नाव शोधत बसलात तर हाती फारसे काही लागत नाही. हेरनग्रुंड शोधले की दार उघडते. जवळच्या बान्स्का बिस्त्रित्सा या शहराचेही तसेच आहे. जर्मन कागदांत ते नॉयझोल असते.

आता भूगोल. स्लोव्हाकियाच्या मध्यभागी ह्रोन नदीच्या काठी बान्स्का बिस्त्रित्सा वसले आहे. तेथून उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर, वेल्का फात्रा आणि नीझ्के तात्री या दोन मोठ्या पर्वतरांगांच्या मधल्या कमी उंचीच्या डोंगराळ पट्ट्यात हे गाव आहे. समुद्रसपाटीपासून गावाची उंची सुमारे ७२८ मीटर आहे, म्हणजे आकडा काही छाती दडपणारा नाही. पण दरी इतकी अरुंद आणि उतार इतके तीव्र आहेत की एका घराचे छप्पर आणि वरच्या घराचा पाया जवळजवळ एका पातळीत येतात. नांगर धरावा अशी सपाट जमीन येथे नाही. मोठी नदी नाही. कोणताही व्यापारी मार्ग या दरीतून आपणहून गेला नसता. शेतीसाठी, पाण्यासाठी किंवा बाजारासाठी माणूस जेथे वस्ती करतो, त्यांपैकी एकही कारण या जागेला लागू पडत नाही, आणि म्हणूनच गावाचा नकाशा वाचायचा तर रस्त्यापासून नव्हे, खडकापासून वाचायला हवा.

हा खडक म्हणजे मुख्यतः पर्मियन काळातील (सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचे) वालुकाश्म आणि गोटाश्म, आणि त्यांच्या खालचे अधिक जुने, अभ्रकयुक्त रूपांतरित खडक. त्यांतल्या भेगांमधून खनिजशिरा गेल्या आहेत आणि त्या शिरांत दोन धातुके महत्त्वाची आहेत: एक चाल्कोपायराइट, ज्यात तांबे, लोह आणि गंधक असते, आणि दुसरे टेट्राहेड्राइट, ज्यात तांब्याबरोबर अँटिमनी, आर्सेनिक आणि थोडीशी चांदी असते. ही थोडीशी चांदी लक्षात ठेवावी. पुढचे सगळे राजकारण तिच्याभोवती फिरले.

येथे तांबे काढण्याची सुरुवात मध्ययुगात झाली नाही. गावाजवळच्या पिएस्की नावाच्या जागी दगडी घण सापडले आहेत, ज्यांना मधोमध दोरी किंवा दांडा बांधण्यासाठी खाच कोरलेली असते. ताम्रपाषाणयुगातील माणसाने पृष्ठभागाजवळचे हिरवे-निळे धातुक याच घणांनी फोडले. मी प्रयोगशाळेत माणसाने घडवलेली पुष्कळ अवजारे पाहिली आहेत, पण हातात मावणारा तो दगड पाहून कारागिराची समज अधिक जाणवली: खाच नेमकी गुरुत्वमध्याशी आहे.

मध्ययुगात हंगेरीच्या राजांनी जर्मन भाषक खाणकामगारांना या भागात बोलावून वसवले आणि १२५५ मध्ये चौथ्या बेला राजाने बान्स्का बिस्त्रित्साला शहराचे अधिकार दिले. पण श्पान्या दोलिनाचे नाव युरोपभर जाण्याचे वर्ष १४९४ हे आहे. त्या वर्षी जर्मनीतील आउग्सबुर्गचे सावकार फुगर आणि पोलंडमधील क्राकोव्हमध्ये स्थिरावलेले यान थुर्झो यांनी भागीदारी केली आणि या परिसरातील खाणी खंडाने घेतल्या. यात पैसा फुगरांचा आणि ज्ञान थुर्झोंचे होते. खोल खाणीत साचलेले पाणी कसे उपसायचे हे थुर्झोंना येत होते, आणि तांब्यातून चांदी वेगळी काढण्याची कलाही त्यांच्याकडे होती. दोन्ही घराण्यांनी आपसांत सोयरीकही केली, जी त्या काळी करारापेक्षा भक्कम समजली जात असे.

चांदी काढण्याची ती रीत समजल्याशिवाय जहाजाच्या प्रश्नाचे उत्तर समजणार नाही, म्हणून येथे जरा थांबतो. चांदीमिश्रित तांबे आधी शिशाबरोबर वितळवत आणि त्याच्या जाड चकत्या ओतत. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, तर तांब्याला १,०८५ अंश लागतात. चकत्या या दोहोंच्या मधल्या तापमानाला तापवल्या की तांबे घनरूप राहते आणि शिसे पाझरून खाली गळते; गळताना ते चांदीला बरोबर घेऊन जाते, कारण चांदीला तांब्यापेक्षा शिशाची संगत अधिक मानवते. पुढे त्या शिशातून चांदी वेगळी करायची आणि उरलेले तांबे शुद्ध करून विकायचे. एकाच दगडाचे दोनदा पैसे होत. मात्र यासाठी शिसे भरपूर लागे आणि ते श्पान्या दोलिनात नव्हते; ते पोलंडमधील ओल्कुशसारख्या ठिकाणांहून येई. याचा परिणाम असा, की येथून बाहेर पडलेल्या तांब्यात दुसऱ्या देशातले शिसे अंशमात्र का होईना, मुरलेले असे.

हे तांबे उत्तरेकडे डोंगर ओलांडून क्राकोव्हला, तेथून विस्तुला नदीने बाल्टिक समुद्राकाठच्या ग्दान्स्कला आणि तेथून जहाजाने अँटवर्पला जाई. काही माल दक्षिणेकडे व्हेनिसलाही जात असे. अँटवर्प येथे पोर्तुगालच्या राजाची वखार होती, आणि पोर्तुगीजांना तांबे हवेच होते, कारण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि हिंदुस्थानात त्याला मागणी होती. मलबारात मिऱ्यांची किंमत चुकवताना रोख सोन्या-चांदीबरोबर तांबेही दिले जाई. गोवा घेतल्यावर १५१० मध्येच अफोन्सो द आल्बुकर्क याने तेथे टांकसाळ सुरू केली आणि तिच्यात तांब्याची नाणीही पाडली. त्यातला कोणता तांब्याचा तुकडा कोणत्या खाणीचा, हे आज सांगता येत नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

जहाजाचे मात्र तसे नाही. २००८ मध्ये नामिबियात ओरान्येमुंड गावाजवळ, हिऱ्यांसाठी समुद्र मागे हटवून खोदलेल्या वाळूत, एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले. त्यात दोन हजारांहून अधिक सोन्याची नाणी, शंभरावर हस्तिदंत आणि तांब्याचे अठराशेहून अधिक अर्धगोल गट्टे होते. तांब्याचे एकूण वजन सोळा-सतरा टनांच्या घरात जाते. नाण्यांवरून आणि पोर्तुगीज नोंदींवरून संशोधकांनी हे जहाज १५३३ मध्ये लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघालेले ‘बोम जेझुस’ असावे असे ठरवले आहे. गट्ट्यांपैकी पुष्कळांवर त्रिशूळाची खूण ठोकलेली आहे आणि ती फुगरांच्या तांब्याची खूण होती. या जड गट्ट्यांखाली दडपल्यामुळेच त्यांच्या खालचे लाकूड आणि हस्तिदंत इतकी शतके टिकले.

तर हे तांबे श्पान्या दोलिनाचे होते काय? रासायनिक विश्लेषण आणि शिशाच्या समस्थानिकांचे (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण यांवरून अभ्यासकांनी ते बान्स्का बिस्त्रित्सा परिसरातील धातुकापासून झाले असल्याचा निष्कर्ष काढला आहे, आणि तो मला पटतो. पण त्यापुढे ‘याच गावचे’ म्हणताना हात आखडता घ्यावा लागतो. पहिले कारण असे की, वर सांगितल्याप्रमाणे चांदी काढताना बाहेरचे शिसे मिसळले जात असल्याने शिशाची समस्थानिके दोन ठिकाणांची साक्ष एकदम देतात, आणि ती वेगळी करण्यासाठी तांब्यातील अँटिमनी, आर्सेनिक, निकेल यांसारख्या सूक्ष्म घटकांचा आणि जुन्या हिशेबवह्यांचा आधार घ्यावा लागतो. दुसरे असे की शेजारच्या दऱ्यांतील शिरा याच जातीच्या आहेत आणि त्यांचा माल एकाच भट्टीत एकत्र होत असे. श्पान्या दोलिना हे त्या परिसरातील तांब्याचे सर्वांत मोठे ठाणे होते. म्हणून त्या सोळा-सतरा टनांतला बराच भाग या दरीतून निघाला असण्याची शक्यता मोठी आहे, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येईल.

याच्या उलट, पर्यटकांना हमखास ऐकवली जाणारी एक गोष्ट आहे, की कोलंबसाच्या जहाजांना याच गावच्या तांब्याचा पत्रा ठोकला होता. ही गोष्ट मीही तेथे ऐकली आणि ऐकून गप्प बसलो, कारण सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा अभिमान खरा होता. पण कोलंबस निघाला १४९२ मध्ये, फुगर-थुर्झोंची भागीदारी झाली १४९४ मध्ये, आणि जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारण्याचा प्रयोग ब्रिटिश आरमाराने केला तो १७६१ मध्ये. तिन्ही वर्षे शेजारी मांडली की काय ते कळते.

फुगरांच्या काळाचे एवढे गोडवे गाऊन चालणार नाही. १५२० नंतरच्या काही वर्षांत हंगेरीच्या राजाने नाण्यातली चांदी कमी केली आणि खाणकामगारांना त्याच हिणकस नाण्यात मजुरी मिळू लागली. हातात पडणाऱ्या नाण्यांची संख्या तीच, पण बाजारात त्यांची पत घसरलेली. १५२५-२६ मध्ये या संपूर्ण खाणपट्ट्यात कामगारांनी उठाव केला, तो सरदारांच्या सैन्याने मोडला आणि शिक्षा कठोर झाल्या. त्याच १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत तुर्कांकडून हार झाल्यावर माघार घेताना हंगेरीचा राजा मेला. फुगर काही काळ बाहेर घालवले गेले, परत आले, पण १५४६ नंतर त्यांनी खंड पुढे चालवला नाही आणि खाणी हाब्सबुर्ग राजसत्तेच्या हाती गेल्या. तुर्की स्वाऱ्यांच्या भीतीने गावातल्या टेकडीवरचे चर्च सोळाव्या शतकाच्या अखेरीस तटबंदीसह बांधून काढण्यात आले. आज त्या चर्चकडे छप्पर घातलेल्या लांब लाकडी जिन्यावरून चढून जावे लागते, आणि बर्फाच्या दिवसांत त्या छपराचे मोल पाय घसरल्याशिवाय कळत नाही. जवळच ‘क्लोपाच्का’ नावाची इमारत आहे. तिच्यात टांगलेल्या लाकडी फळीवर घण आपटून कामगारांना पाळीची वेळ कळवली जात असे. धातूच्या गावात इशारा मात्र लाकडाचा होता.

माझ्या मते या गावातील सर्वांत मोठे बांधकाम चर्च नव्हे, तर पाण्याचा पाट आहे. खाणीतून माल वर ओढायला, पाणी उपसायला आणि धातुक कुटायला पाणचक्क्या हव्या होत्या, आणि दरीतला ओहोळ त्यासाठी अगदीच अपुरा होता. म्हणून सोळाव्या शतकात पूर्वेकडच्या नीझ्के तात्रीतील प्राशिवा डोंगराच्या उतारावरचे पाणी डोंगराच्या कडेकडेने, लाकडी पन्हळींतून आणि खोदलेल्या चरांतून, ३५ किलोमीटरहून अधिक अंतर वळणे घेत येथे आणण्यात आले. अवघड भाग उताराचा हिशेब सांभाळण्याचा असतो: उतार जास्त ठेवला तर पाणी गावापर्यंत येईतो उंची गमावून बसते आणि चक्की फिरवायला जोर उरत नाही, कमी ठेवला तर पाणी तुंबते, गाळ धरते आणि थंडीत गोठते. जंगलातून चालताना आजही या पाटाची सपाट पट्टी जागोजाग दिसते. सरावाची नजर नसेल तर ती पाऊलवाटच वाटते.

सतराव्या शतकाच्या आरंभापासून खाणीतल्या पाण्याने आणखी एक उद्योग दिला. गंधकयुक्त धातुकातून झिरपणाऱ्या पाण्यात तांबे विरघळते आणि निसर्गतःच मोरचुदाचे पातळ द्रावण तयार होते. त्यात लोखंडाचे जुने तुकडे टाकून ठेवले की काही आठवड्यांनी लोखंड नाहीसे होते आणि त्या जागी तांब्याचा लाल, ठिसूळ साका मिळतो. शाळेत मोरचुदाच्या द्रावणात खिळा बुडवून पाहिलेल्यांना हे नवे नाही: लोखंड विरघळून हिराकसाच्या रूपाने पाण्यात जाते आणि तांबे बाहेर बसते. परंतु ज्या काळी किमयागार राजदरबारी पगार घेत होते, त्या काळी लोखंडाचे तांबे होताना डोळ्यांनी पाहणे ही लहान गोष्ट नव्हती. सतराव्या शतकात एडवर्ड ब्राउन नावाचा इंग्लिश डॉक्टर मुद्दाम येथे येऊन खाणीत उतरला आणि या झऱ्यांचे वर्णन करून गेला.

या तांब्याचे पेले, वाट्या आणि छोट्या थाळ्या घडवून, त्यांना सोन्याचा मुलामा देऊन, त्यांवर खाणकामगारांच्या इवल्या मूर्ती आणि मजकूर कोरून त्या भेटवस्तू म्हणून विकल्या जात. ‘लोखंड होतो, तांबे झालो, चांदी ल्यालो, सोने पांघरले’ अशा अर्थाची जर्मन ओळ काही पेल्यांवर कोरलेली सापडते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात हेरनग्रुंडची अशी भांडी आहेत. धातुशास्त्राची प्रक्रिया इतक्या नेमक्या क्रमाने भांड्याच्या काठावर लिहिलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही. या गावावरून एका खनिजाचेही नाव पडले होते: १८७९ मध्ये येथील जुन्या बोगद्यांतल्या एका हिरवट-निळ्या खनिजाला ‘हेरनग्रुंडाइट’ म्हटले गेले. पुढे ते आधीच वर्णन झालेले डेव्हिलाइन निघाले आणि शास्त्राच्या रिवाजानुसार जुने नाव टिकले. मला स्वतःला हेरनग्रुंडाइट हे नाव अधिक आवडते, पण नियम तो नियम.

एकोणिसाव्या शतकात शिरा संपत आल्या आणि १८८८ मध्ये नियमित खाणकाम थांबले. कामगारांच्या बायका ज्या फिरक्यांवर दोरा गुंडाळून लेस विणत, त्या लेसने पुढची काही दशके घरे सावरली. उशीवर टाचण्या रोवून, जोडीजोडीने फिरक्या उलटसुलट करीत विणण्याची ती कला तेथे आजही जपली जाते. कामगारांची घरे मात्र शेतकऱ्यांच्या घरांसारखी नाहीत: खाली दगडी, वर लाकडी, आणि एकेका घरात पूर्वी अनेक कुटुंबे राहत असत. १९४४ मध्ये नाझींविरुद्ध स्लोव्हाक राष्ट्रीय उठाव झाला तेव्हा बान्स्का बिस्त्रित्सा हेच त्याचे केंद्र होते, आणि ऑक्टोबरअखेर शहर पडल्यावर उठाववाले याच डोंगरांतून दोनोवालीकडे माघारी सरले. आज गाव संरक्षित आहे, तांब्याचे एक छोटे संग्रहालय आहे, आणि दोनशे वस्ती असूनही गावाला स्वतःचा निवडून दिलेला ‘स्तारोस्ता’, म्हणजे आपल्या सरपंचासारखा प्रमुख आहे.

प्रत्यक्ष जाणार असाल तर एक व्यावहारिक सूचना. गावाच्या डोक्यावर माक्सिमिलियान नावाच्या खाणीतून काढलेल्या टाकाऊ दगडांचा प्रचंड ढीग आहे. गोव्याच्या खाणपट्ट्यात ज्याला डंप म्हणतात तोच प्रकार. लाल-करड्या दगडांत मधूनच मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाचा हिरवा डाग चमकतो आणि पावसानंतर तो अधिक उठून दिसतो. दगड पाहावेत, पण तेथे जेवायला बसू नये, हात धुवावेत, आणि ढिगाखालून येणाऱ्या ओहोळाचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी पिऊ नये. टेट्राहेड्राइटमधले आर्सेनिक आणि अँटिमनी अजूनही त्यातून झिरपत आहेत, आणि ढिगाच्या उतारावर मोठे भाग असे आहेत की जेथे शंभरावर वर्षांनंतरही गवत धरलेले नाही.